डाव्या हाताचा ठेका

न्यूयॉर्कला जाऊन आलेल्या माणसाने स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला नाही असे सांगितले, तर लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. मी तो पाहिला नाही. शंभर मजली इमारतीच्या गच्चीवरही गेलो नाही. तीन आठवडे त्या शहरात राहून मी एक चित्र, एक फरशी आणि एक घर एवढेच धडपणे पाहून परत आलो. बरे, ही तिन्ही ज्या संगीताच्या निमित्ताने पाहिली, त्या जॅझमधले मला ओ की ठो कळत नव्हते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझी धाव ओवी-अभंगापासून फार तर मुक्तछंदापर्यंत!

पण मार्चमध्ये मामींचा फोन आला. "सुटीत ये. ह्यांना घराबाहेर काढ. एवढंच कर," त्या म्हणाल्या. माझ्या एम्. ए. ची फी मामांनी भरली होती. त्यांच्यासाठी एवढे करणे भागच होते.

मामा जे. जे. चे विद्यार्थी. पुढे न्यूयॉर्कला गेले आणि जाहिरातींची चित्रे काढण्यात त्यांचा जन्म गेला. जॅझचे वेड मात्र त्यांनी मुंबईहूनच नेले होते. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पडद्यावरही दिसला होता, तेव्हापासूनची ती लागण. १९६३ साली ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद मुंबईला आला, तेव्हा तिकिटाला पैसे नव्हते, ही खंत मामांनी साठ वर्षे जपून ठेवली आहे. तबकडी लागल्याशिवाय त्यांचा कुंचला हलत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, वाचा सुधारली, उजवा हात तेवढा गेला. त्या दिवसापासून त्यांच्या तबकडी-यंत्रावर मामींचे जुने लुगडे पांघरलेले होते.

"मामा, निदान ऐकावं तरी," मी पहिल्याच दिवशी आगाऊपणाने म्हणालो.

"ऐकलं की हात निघतो रे," ते म्हणाले. "निघतो आणि तिथंच राहतो."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. "मला चित्रातलं काही कळत नाही, जरा दाखवा," असा बहाणा केला. शिक्षकाला अज्ञानाचे सोंग आणणे जड जाते. पण इथे सोंग आणावेच लागले नाही.

मामा राहतात जॅक्सन हाइट्सला. तिथून भुयारी गाडीने आधुनिक कलेच्या संग्रहालयापाशी उतरता येते. काठी टेकत मामा मला थेट एका चौकोनी चित्रापुढे घेऊन गेले. प्रत्येक बाजू १२७ सेंटिमीटर. पांढऱ्या जमिनीवर आडव्याउभ्या पिवळ्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर लाल, निळे, करडे लहान लहान चौकोन. आमच्या घरची सतरंजी मला आठवली. पण मी गप्प राहिलो.

चित्रकार पीट मोंद्रियान. मूळचा हॉलंडचा. वीस वर्षे तो काळ्या सरळ रेषांच्या चौकटी आखीत आला होता. महायुद्धामुळे १९४० साली तो न्यूयॉर्कला आला, तेव्हा वय अडुसष्ट. तिथे एका मित्राने त्याला बूगी-वूगीच्या तबकड्या ऐकवल्या आणि म्हातारा हरखून गेला. त्याच्या रेषांतला काळा रंग पळाला आणि १९४२-४३ मध्ये हे ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ तयार झाले.

"बूगी-वूगी म्हणजे काय, मामा?"

"पियानोवर वाजवतात. बारा मात्रागटांचं एक आवर्तन. एक हात त्यात तीच ती ठोक न चुकता धरून ठेवतो. दुसरा वाटेल तिथं हिंडतो."

"म्हणजे डाव्या हाताचा ठेका, आणि उजवा हात..."

वाक्य मी अर्धेच गिळले. मामा काही बोलले नाहीत. मी पुन्हा चित्राकडे पाहिले. पिवळ्या पट्ट्या ठेका धरून उभ्या होत्या आणि चौकोन त्यांच्यावरून उड्या मारीत चालले होते. सतरंजी नाहीशी झाली होती.

बाहेर पडताना पुस्तकांच्या दुकानात मातीसच्या ‘जॅझ’ची एक प्रत दिसली. मूळ पुस्तक १९४७ चे, वीस चित्रांचे. १९४१ साली मातीसच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला चित्रफलकापुढे फार वेळ उभे राहवेना. मग साहाय्यकांनी रंगवून दिलेले कागद तो बसल्या जागी कात्रीने कापू लागला. चित्रे बहुतेक सर्कशीची; ‘जॅझ’ हे नाव प्रकाशकाने सुचवलेले. पण नाव शोभून दिसते. कात्री फिरता फिरता आकार सुचत जातो, हे वाजवता वाजवता सूर सुचण्यासारखेच झाले.

मी ते पुस्तक मामांपुढे जरा सूचकपणेच धरले. त्यांनी चार पाने पाहिली आणि मिटून माझ्या हातात दिले.

"त्याचा उजवा हात शाबूत होता," ते म्हणाले.

यावर मला उत्तर नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही हार्लेमला गेलो. १२५ व्या रस्त्यावर अपोलो नाट्यगृहाची पाटी दिसली आणि मामांना रोमेअर बेअर्डन आठवला. या कृष्णवर्णी चित्रकाराला स्टुअर्ट डेव्हिस या वडीलधाऱ्या चित्रकाराने एक अजब धडा दिला होता : अर्ल हाइन्सचा पियानो ऐक, पण सुरांपेक्षा दोन सुरांमधल्या रिकाम्या जागा ऐक. पुढे पन्नाशीच्या सुमारास बेअर्डन रंगीत कागद आणि छायाचित्रे कापून चिकटवू लागला आणि त्या चिकटचित्रांनीच त्याचे नाव झाले. चित्र काढणे म्हणजे जागा भरणे, अशी माझी समजूत होती. जागा राखाव्याही लागतात, हे मला तिथल्या फुटपाथवर कळले.

१३५ व्या रस्त्यावरच्या शोम्बर्ग ग्रंथालयात ती फरशी आहे. दालनाच्या मध्यभागी एक मोठे वर्तुळ, त्यात नद्यांची नक्षी, आणि तिच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूजची रक्षा. १९९१ साली या फरशीच्या उद्घाटनाला माया अँजेलो आणि अमिरी बराका हे दोन साहित्यिक तिच्यावर नाचले होते! आपल्याकडे एखाद्या कवीच्या समाधीवर कोणी नाचेल, तर केवढा गहजब होईल! पण ह्यूजला ते आवडले असते. ‘द वेअरी ब्लूज’ (१९२६) या पहिल्याच संग्रहात त्याने हार्लेमचे गाणे कवितेत आणले आणि १९५८ साली चार्ल्स मिंगससारख्या वादकांच्या साथीवर कविता म्हणून त्यांची ध्वनिमुद्रिकाही काढली.

इथे मात्र माझे थोडे चालले. ब्लूजच्या कडव्याची ठेवण अशी : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. एकीला कापसाच्या शेतांची पार्श्वभूमी, दुसरीला पहाटेच्या दळणाची. पण हात कामात गुंतलेले असताना तोंडाने दुःख फिरवून फिरवून म्हणायचे, ही रीत एकच. मी मामांना हे सांगितले आणि माझ्या आजीची, म्हणजे त्यांच्या आईची, एक ओवी म्हणून दाखवली. ते फरशीकडे पाहत उभे राहिले. काठीवरच्या डाव्या हाताची दोन बोटे हलत होती. ओळीच्या शेवटी ती बरोबर समेवर आली.

उरले घर. ते लुई आर्मस्ट्राँगचे. जॅक्सन हाइट्सहून उंच पुलावरून धावणाऱ्या सात नंबरच्या गाडीने चौथे स्टेशन. वस्तीचे नाव कोरोना. ते ऐकून आपण दचकतो, पण नाव जुनेच आहे. आर्मस्ट्राँगची बायको ल्यूसिल हिने १९४३ साली हे विटांचे साधे घर घेतले. हा जगप्रसिद्ध वादक मनात आणता तर बंगले बांधता, पण १९७१ साली मृत्यू आला तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांत इथेच राहिला.

माडीवरच्या खोलीत त्याची ध्वनिमुद्रणयंत्रे आहेत. घरातल्या गप्पा, विनोद, तबकड्या, सारे काही फितींवर उतरवून ठेवायचा त्याला छंद होता. मार्गदर्शक मुलीने कळ दाबली आणि तो खरखरीत आवाज खोलीत बोलू लागला. मग तिने त्या फितींच्या पुठ्ठ्याच्या डब्यांचे फोटो दाखवले. त्यांवर वर्तमानपत्रांची कात्रणे, फोटो, शुभेच्छापत्रांचे तुकडे वेडेवाकडे कापून चिकटपट्टीने चिकटवलेले. असे सुमारे ५०० डबे त्याने सजवले होते!

मामा पुढे झाले. "हे त्यानं स्वतः केलं?"

"स्वतः," ती म्हणाली. तिने सांगितले, की १९६८ पासून प्रकृती ढासळली आणि डॉक्टरांनी काही काळ त्याचे ट्रंपेट बंद केले. त्या दिवसांत तो याच खोलीत बसून फिती लावीत असे.

मामांनी एकेक फोटो निरखून पाहिला. आयुष्यभर चित्राची कड केसाइतकी सरळ ठेवणारा तो माणूस त्या वाकड्या कडा पाहत होता. मी यावेळी काही सुचवले नाही. एवढा शहाणपणा मला तोवर आला होता.

परतताना मामा मध्येच एक स्टेशन अलीकडे उतरले आणि कागद-पेन्सिलींच्या दुकानात शिरले. नेहमीची कात्री डाव्या हातात धड चालत नाही, हे मला तिथे समजले. दुकानदाराने खालच्या खणातून डावखुऱ्यांची कात्री शोधून काढली. मामांनी हवेत दोनदा चालवून पाहिली आणि पैसे मात्र मला द्यायला लावले.

घरी आल्यावर मामींनी यंत्रावरचे लुगडे काढून घडी घातली. कोणी काही बोलले नाही.

गणपतीच्या दिवसांत त्यांचे पाकीट आले. आत चिवड्याच्या पिशवीचे आणि अमेरिकन वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेला एक पुठ्ठा होता. पिवळ्या पट्ट्या, लाल चौकोन, मध्ये एक मोठी रिकामी जागा. कडा सगळ्या वाकड्या. मागे मामींच्या अक्षरात मामांचा मजकूर : "कात्री अजून माझं ऐकत नाही. आईच्या ओव्या आठवतील तेवढ्या लिहून पाठव."

आतापर्यंत अकरा आठवल्या आहेत.