एक दांडी, दोन मतं

आमच्या घरात पैशावरून, सासर-माहेरवरून किंवा टीव्हीच्या रिमोटवरून फारसे वाद होत नाहीत. होतात ते गाडीच्या नाकाखाली आडव्या बसवलेल्या एका लोखंडी दांडीवरून!

इथे अमेरिकेत तिला स्वे बार म्हणतात. पुण्यातल्या गॅरेजमध्ये ‘स्टॅबिलायझर’ म्हणालात की मेकॅनिकला बरोबर कळतं. गाडी आहे जीप रँग्लर, 2004 चं मॉडेल, अर्थातच सेकंड हँड. आम्ही राहतो सॉल्ट लेक सिटीत, दोघंही आयटीत. आठवडाभर मीटिंगा आणि डेडलाइन, आणि जमेल त्या वीकेंडला चार तास ड्राइव्ह करून मोआब. लाल दगडाचे नुसते डोंगरच डोंगर. 1967 पासून ईस्टरच्या सुमाराला तिथे जीपवाल्यांची जत्रा भरते. आळंदीला वारकरी जातात तसे लोक येतात, फक्त टाळ-मृदंगाऐवजी विंच घेऊन.

तर ही दांडी. फंडा सिंपल आहे. इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा स्टीलचा बार, मधला भाग चासीला, दोन्ही टोकं लिंकनी डाव्या-उजव्या बाजूला अ‍ॅक्सलला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली (स्पीडब्रेकर!) तर बार नुसता फिरतो, काही करत नाही. पण वळणावर गाडी एका बाजूला कलायला लागली की बारला पीळ बसतो आणि तो गाडीला सरळ ठेवायला बघतो. हायवेवर हे वरदान.

मोआबच्या खडकावर मात्र हाच बार आडवा येतो. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात. स्प्रिंग म्हणते ‘जा खाली’, बार म्हणतो ‘शेजाऱ्याला सोडून जायचं नाही’. मग खड्ड्यातलं चाक हवेत लटकतं, डिफरन्शिअल लॉक नसेल तर तेच गरगर फिरतं आणि गाडी जागच्या जागी. टोकं सोडवली की अ‍ॅक्सल मोकळा होतो, चारही चाकं जमिनीला धरून राहतात. गंमत म्हणजे आत बसलेल्यांनाही कमी हेलकावे बसतात. फिन्स अँड थिंग्ज नावाच्या ट्रेलवर पहिल्यांदा बार सोडून गेलो, तेव्हा आधी जिथे तीन वेळा अडकलो होतो तो दगड जीप अशी चढली की मी गाणं बदलत होते, मला कळलंही नाही.

झालं! नवरा सॉलिड खूश. घरी आल्यावर त्याने अख्खा बारच काढून गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला. ‘दर वेळी पान्हा घेऊन खाली कोण लोळणार? आता कायमचा मोकळा.’

‘अरे, पण सोमवारी ह्याच गाडीतून तू चिऊला डेकेअरला सोडणार ना? फ्रीवेवरून?’

‘अगं, फोरमवर शेकडो लोक बारशिवाय चालवतात.’

मला ह्या ‘शेकडो लोकां’चा जाम राग आहे. त्यांच्या मागच्या सीटवर माझी चार वर्षांची मुलगी बसलेली नसते. ताशी 110 ला पुढच्याने अचानक ब्रेक मारला आणि लेन बदलावी लागली तर उंच जीप किती कलेल, ह्याचं उत्तर त्यांना द्यायचं नसतं. त्यातून माझी डिग्री मेकॅनिकलची. पुढचा बार काढला आणि मागचा तसाच ठेवला की गाडीचं कलणं रोखायचं जास्त ओझं मागच्या चाकांवर येतं. म्हणजे जोरात वळवल्यावर मागची बाजू सटकायला जास्त तयार. हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. तो ‘हं’ म्हणाला. नवऱ्यांचं ‘हं’ म्हणजे काय, ते सांगायला नको.

मग रविवारी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गेलो. चिऊ शेजारच्या काकूंकडे. ताशी 30 चा स्पीड, आधी डावीकडे, लगेच उजवीकडे. जीप आधी झुकली, मग क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, मग दुसऱ्या बाजूला पडल्यासारखी गेली. नवऱ्याने गाडी थांबवली, काच खाली केली आणि काही बोलला नाही. संध्याकाळी बार परत जागेवर होता.

आता आम्ही क्विक डिसकनेक्ट लिंक बसवल्यात. नटबोल्टऐवजी पिन आणि क्लिप. सपाट जागेवर गाडी उभी करायची, पिना ओढायच्या, बारची टोकं वर बांधून टाकायची, म्हणजे टायरला किंवा ब्रेकच्या होजला लागत नाहीत. दहा मिनिटांचं काम. आणि डांबरी रस्ता लागला की परत जोडायचं, मग कितीही दमलेले असा. क्लिप मी स्वतः हाताने ओढून बघते. महागड्या रुबिकॉनमध्ये 2007 पासून ह्यासाठी बटणच आहे, स्पीड ताशी 29 किलोमीटरच्या वर गेला की बार आपोआप जोडला जातो. पण त्या बटणाचा इएमआय कोण भरणार?

परवा पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन. ‘वहिनी, जिम्नी घेतोय. तो बार लगेच काढून घेऊ का?’ म्हटलं, जिम्नीला पुढे सलग अ‍ॅक्सल आहे, फरक पडेल. थारवाल्या मित्राला मात्र सांगा, पुढची चाकं इंडिपेंडंट असली की तेवढा फायदा होत नाही. आणि तुम्हीही आधी टायरमधली हवा कमी करून चालवायला शिका. परत भरायला छोटा कंप्रेसर घ्या. बारचं सहा महिन्यांनी बघू.

‘कंप्रेसर केवढ्याला मिळतो?’ त्यांनी विचारलं. मी फोन नवऱ्याकडे दिला.