पुढचा ब्रेक

मंडळी, गेले तीन आठवडे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून चौकशी केली. प्रकृती ठणठणीत आहे. आमच्याकडे सायकल बांधायचं काम चालू होतं!

नातू कोथरूडहून शिवाजीनगरला नोकरीला जातो. ट्रॅफिकला कंटाळून त्याने सायकलने जायचं ठरवलं. म्हणाला, "आजोबा, फिक्स्ड गिअर बनवायचीय." मला वाटलं, ती एकवीस गिअरवाली महागडी असेल. तर हिला गिअर एकच, आणि फ्रीव्हील नाही. आपल्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत फिरत राहतं, ती फ्रीव्हीलची करामत. हिची मागची चकती चाकाला पक्की जखडलेली. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही. लहान मुलांची तीनचाकी आठवा, तोच प्रकार.

"मग थांबायचं कसं?" मी विचारलं. पेडलवर उलटा जोर द्यायचा, म्हणजे मागचं चाक मंदावतं. वेलोड्रोमच्या शर्यतीतल्या सायकली अशाच असतात, त्यांना ब्रेकच नसतो. न्यूयॉर्कसारख्या शहरांत पाकिटं पोचवणाऱ्या पोरांनी त्या रस्त्यावर आणल्या. आणि ही टूम नवी म्हणावी, तर तसंही नाही. टूर द फ्रान्स 1903 साली सुरू झाली, पण गिअर बदलायच्या यंत्राला तिथे 1937 सालापर्यंत परवानगी नव्हती!

आता फ्रेम. माळ्यावर माझी 1973 साली घेतलेली काळी सायकल पडून होती. नातवाने ती खाली काढली, मागचा काटा बघितला आणि खूश झाला. चाक बसवायची खाच आडवी होती. फिक्स्ड सायकलला चेन ताणून धरणारी स्प्रिंग वगैरे चालत नाही, चाक मागे-पुढे सरकवूनच चेन ताणावी लागते. त्यासाठी अशी खाच हवी. म्हणजे माझं भंगार एकदम मौल्यवान ठरलं.

आमचे सायकलवाले म्हणाले, "कशाला खर्च? जुन्याच हबवर चकती पिळून देतो." नातवाने ऐकलं नाही, आणि ते बरोबर होतं. साध्या हबला एकाच दिशेचे आटे असतात. उलटा जोर दिला की चकती सुटून येणार. खऱ्या फिक्स्ड हबला चकतीच्या बाहेर दुसरे, उलटे आटे असतात. त्यावर एक कडी आवळतात. चकती सुटायला लागली की कडी आणखी घट्ट होते. केवढी साधी युक्ती! तो हब मागवला, मागचा काटा जरा फाकवून घेतला, नवीन रिम विणून आऊट काढला.

मग दातांचा हिशेब. नातवाला पुढे 48 आणि मागे 16 दात हवे होते. म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाच्या तीन फेऱ्या, जवळजवळ साडेसहा मीटर. वेग छान, पण प्रत्येक सिग्नलला उठवताना गुडघे बोलणार आणि पौड फाट्याचा उड्डाणपूल चढताना जीव जाणार. माझ्या जुन्या सायकलची चकती 44 दातांची निघाली. मागे 18 लावले तर फेरीला सव्वापाच मीटर. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी साधारण 19 किलोमीटर. शहरात आणखी काय हवं? मी मराठीचा मास्तर, पण हा गुणाकार मीच करून दाखवला!

इथवर सगळं गोडीत चाललं. अडलं ते ब्रेकवर. नातू म्हणाला, "ब्रेक नको, पाय आहेत ना." मी म्हटलं, चेन पडली तर पाय कुठे राहिले? आणि एकदम थांबताना सगळा भार पुढे येतो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. थांबवतो तो पुढचाच ब्रेक. तो हसला. "आजोबा, तुम्ही फार घाबरता."

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली. आज इथेही लिहितो, कारण चिरंजीव हे वाचतात.

1978 साल. मी साताऱ्याला शिकवत होतो. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतरत होतो, चिरंजीव तीन वर्षांचे, पुढच्या नळीवरच्या छोट्या सीटवर. उतारावर पुढच्या ब्रेकची सळई निखळली. मागच्या ब्रेकने सायकल थांबेना. भिंतीला घासून पडलो. मला खरचटलं, त्याच्या हनुवटीला तीन टाके पडले. घरी सांगितलं, "कुत्रं आडवं आलं."

कुत्रं नव्हतं. त्या सळईचा नट ढिला आहे हे मला आठ दिवस माहीत होतं. दुकान शाळेच्या वाटेवर. पेपर तपासायचे होते, आज करू, उद्या करू, असं चाललं होतं.

त्या खोट्या कुत्र्याने पुढे बराच त्रास दिला. चिरंजीव जन्मभर कुत्र्यांना भ्यायले. नातवाने लहानपणी पिल्लासाठी हट्ट धरला तेव्हा बापाने हनुवटी दाखवून नाही म्हटलं. मी शेजारी बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

नातू बराच वेळ चेनला तेल देत बसला. मग म्हणाला, "बाबांना सांगितलंत?" मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी तो लांब हाताचा कॅलिपर ब्रेक घेऊन आला. जुन्या फोर्कला मडगार्डचं भोक होतं, त्यातच बसला. नट मी स्वतः आवळला, दोनदा.

सायकल आता रोज शिवाजीनगरला जाते. पॅन्टला क्लिप लाव एवढी भुणभुण मात्र मी करतो, कारण या सायकलीत कापड अडकलं तर चेन थांबत नाही.

असो. चिरंजीव, तुमच्या हनुवटीचं खरं कारण हे. आईलाही आजच कळतंय. रविवारी जेवायला या, तेव्हा काय बोलायचं ते बोला.