छायाचित्राखालचं नाव

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात कॅमेरा घेऊन येणाऱ्याची नजर साहजिकच गडाकडे वळते. पण याच वेल्हे-भोर पट्ट्यातली कितीतरी माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात, ओझी वाहतात, आणि शहराच्या छायाचित्रांत मात्र नुसती गर्दी होऊन राहतात. शहर चालवणाऱ्या कष्टकऱ्यांचे फोटो काढलेच पाहिजेत, याबद्दल मला शंका नाही. पण त्याखाली माणसाचं नाव, काम आणि कामाच्या अटी नसतील, तर तो फोटो बघणाऱ्याच्या कळवळ्यापुरताच उरतो, असं माझं ठाम मत आहे.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं केलेलं कृष्णधवल काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. मैल्यात उतरलेल्या माणसामागे जात उभी आहे, महापालिका उभी आहे, हे त्या कामातून कळतं. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. पण माझ्या लेखी फोटोखालच्या नावाचं मोल सांगणारा याहून मोठा पुरावा पुण्यातला आहे, आणि तो कुठल्याच प्रदर्शनात लागलेला नाही. 1993 मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिने कचरावेचक बायांना फोटोचं ओळखपत्र दिलं आणि त्याच दशकात पुणे महापालिकेने त्याला मान्यता दिली. पासपोर्ट आकाराचा साधा फोटो, शेजारी नाव आणि काम. रस्त्यावर ज्यांना चोर समजलं जाई, त्या कामगार ठरल्या. पुढे 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने दारोदारचा कचरा उचलायला घेतला. संघटना नसती तर नुसत्या फोटोने हे झालं नसतं, हे खरंच. पण नावाशिवायही झालं नसतं.

नाव छापलं तर ठेकेदार कामावरून काढेल, हा आक्षेप रास्त आहे. त्या माणसाला विचारावं, तो नको म्हणाला तर नाव झाकावं. पण मजुरी, ठेक्याची पद्धत, हातमोजे मिळाले की नाही, हे लिहायला काय हरकत आहे? कलेला असल्या नोंदींची गरज नसते, असंही म्हणतात. अमेरिकेत लुईस हाइन बालकामगारांचे फोटो काढताना मुलाचं वय आणि काम टिपून घेत असे. त्या नोंदींनी त्याच्या कलेला कुठे बाध आला?

नावाच्या नोंदीची गरज माणूस मेल्यावरही संपत नाही. गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. ती मागायला मृताचं नाव आणि त्याचं काम कुठेतरी नोंदलेलं असावं लागतं.