पेटी नंबर एक

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी घर बदललंय? वर्गात हा प्रश्न विचारला की चार-पाच हात हमखास वर होतात. कुणाचे बाबा पोलिसात, कुणाची आई नर्स, कुणाचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरावरही ही पाळी आली. मुलांचे बाबा तीन वर्षांपासून लातूरला आणि आम्ही नांदेडला. शेवटी माझी बदली झाली आणि ठरलं, सगळ्यांनी लातूरला जायचं.

बातमी ऐकून थोरला खूश झाला. धाकटी मात्र दप्तर घेऊन माळ्यावर जाऊन बसली. "मी नाही येणार. माझी शाळा इथंच आहे," म्हणाली. खाली उतरेचना. तेव्हा तिची आजी जिन्याशी उभी राहून म्हणाली, "आगं माय, उतर खाली. सामानाची यादी कोण लिहील? मला तर लिहिता येत न्हाई."

झालं! यादी लिहायची म्हटल्यावर स्वारी खाली आली.

एक शंभर पानी वही घेतली. किराणा दुकानातून खोकी आणली. प्रत्येक खोक्यावर नंबर टाकायचा आणि वहीत त्याच नंबरापुढं आत काय आहे ते लिहायचं. खोक्यावर खोलीचं नावही लिहायचं, म्हणजे उतरवणारा माणूस विचारत बसत नाही. जड पुस्तकं लहान खोक्यात, हलकी अंथरुणं मोठ्या खोक्यात. काचेचे पेले जुन्या साड्यांमध्ये गुंडाळले. जे दोन वर्षांत एकदाही लागलं नाही, ते कुणाला तरी देऊन टाकायचं, असं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. थोरल्याच्या तुटक्या सायकलीवरून दोन दिवस भांडण चाललं.

आजी फक्त एकाच पेटीपाशी बसल्या होत्या. पेटी नंबर एक. ही सगळ्यात शेवटी ट्रकमध्ये चढणार आणि सगळ्यात आधी उतरणार. त्यात काय होतं? काडेपेटी, दूध तापवायचं पातेलं, चहा-साखर, औषधं, एक चादर आणि बॅटरी. बॅटरी म्हणजे टॉर्च. आजींच्या उशाशी ती रोज रात्री असते. मोबाइलमध्ये उजेड असतो हे त्यांना कितीदा सांगितलं, पण त्या ऐकत नाहीत. याचं कारण पुढं सांगते.

निघायच्या दिवशी पहाटे ट्रक आला. शेजारच्या काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गोदावरीच्या पुलावर आजींनी खिडकीतून रुपया टाकला आणि हात जोडले. धाकटीनं मागं वळून नदीकडं बघितलं, पण काही बोलली नाही.

नांदेडहून लातूरला जाताना लोहा सोडलं की माळेगाव लागतं. मार्गशीर्षात इथं खंडोबाची मोठी जत्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, नाना जनावरांचा बाजार! पण मे महिन्यात नुसता उन्हात तापलेला माळ होता. पुढं अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत दुपारी लातूरला पोचलो.

नव्या घरात आधी पेटी नंबर एक उतरली. आजींनी गॅसवर दूध ठेवलं आणि ते ऊतू जाईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. रात्री जेवायला बसलो आणि नेमके दिवे गेले. सगळे मोबाइल चाचपू लागले. एकाची बॅटरी संपलेली, एक खोक्यांखाली कुठंतरी गेलेला. तेवढ्यात आजींची बॅटरी लागली. काही न बोलता त्यांनी ती ताटांमध्ये उभी करून ठेवली.

चूक झाली ती माझीच. मुलांचे शाळेचे दाखले मी शेवटच्या घाईत कुठल्याशा खोक्यात कोंबले आणि वहीत लिहिलं नाही. चार दिवस शोधाशोध! शेवटी सापडले ते पोळपाट-लाटण्याच्या खोक्यात. धाकटीनं वही माझ्यापुढं धरली, "आई, नियम सगळ्यांना सारखा ना?" तिचं खरंच होतं.

लातूरशी ओळख व्हायला गंजगोलाईपासून सुरुवात केली. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते! थोरला प्रत्येक रस्ता मोजत फिरला. धाकटीला पाण्याच्या गाडीची गोष्ट आवडली. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं, तेव्हा मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आणलं होतं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली. तिला 'जलदूत' म्हणत. घर बघायला आलो तेव्हा आजींनी घरमालकांना पहिला प्रश्न पाण्याचाच का विचारला, ते तिला आता कळलं.

जूनमधल्या एका रविवारी आजी म्हणाल्या, "आता इतक्या जवळ आलोत, तर माहेरी जाऊन येऊ."

आजींचं माहेर किल्लारी. औसा, लामजना करत आम्ही निघालो. वाटेत दोन्हीकडं काळंभोर रान, पेरणीसाठी पावसाची वाट बघणारं. आजी गप्प होत्या. त्यांनी आम्हाला आधी जुन्या गावाच्या जागेवर नेलं. एक जागा दाखवून त्या म्हणाल्या, "हितं आमचा वाडा." तिथं गवत, दगड आणि बाभळी होत्या.

मुलांनो, ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, थकून लोक झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हादरली. त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली.

इतकी माणसं का गेली? इथली घरं जाड दगडी भिंतींची. पण दगड सांधायला सिमेंट नाही, चिखल. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि दोन्हींना बांधून धरणारे आरपार दगड फारसे नाहीत. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं, मायेचं घर. पाऊस गळू नये म्हणून वर नवी पांढरी माती टाकत राहायचं. त्यामुळं छत जड होत गेलं. जमीन हलली तेव्हा भिंतींचे थर सुटले आणि दगड-माती झोपलेल्या माणसांवर आली.

आजी तेव्हा नांदेडला, सासरी होत्या. त्यांचे आईवडील मात्र त्या वाड्यात होते. भाऊ अंगणात झोपला होता, म्हणून वाचला. अंधारात हातांनी दगड उपसत राहिला. "बॅटरी असती तर..." एवढंच तो पुढं कितीतरी वर्षं म्हणायचा. आजींच्या उशाशी बॅटरी का असते, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

मग आम्ही नव्या किल्लारीत, मामाआजोबांच्या घरी गेलो. भूकंपानंतर बावन्न गावं जुनी जागा सोडून दुसरीकडं वसवली गेली. एका घराचं सामान हलवताना आमची इतकी तारांबळ! इथं तर गावंच्या गावं हलवायची होती. जागा शोधायची, रस्ते आखायचे, पाणी आणायचं, शाळा बांधायची. जमीन किती त्यावरून कुणाला अडीचशे, कुणाला चारशे, तर कुणाला साडेसातशे चौरस फुटांचं घर मिळालं. भूकंपात टिकतील अशी ही घरं बांधली.

मामाआजोबा म्हणाले, "घर मजबूत मिळालं बाळा, पण सुरुवातीला करमत नव्हतं. जुन्या गावात ओसरीवरून हाक मारली की चार घरं ओ द्यायची. हितं रस्ते रुंद. शेजारी लांब गेला. आणि भीती इतकी, की पक्कं घर असून आम्ही कैक दिवस पत्र्याखालीच झोपायचो."

धाकटीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही येताना पेटी नंबर एकमध्ये काय आणलं होतं?"

आम्ही सगळे गप्प झालो. मामाआजोबांनी तिला जवळ घेतलं. "आम्हाला बांधाबांध करायला येळच कुठं भेटला, माय? अंगावरच्या कपड्यानिशी आलो. गावाचं नाव तेवढं संगं आणलं."

दारात त्यांनी लावलेला कडुलिंब आता घरापेक्षा उंच झाला आहे. त्याच्या सावलीत बाजा टाकून शेजारपाजारची माणसं बसली होती. हाक मारली की ओ येत होती. परत निघताना आजींनी त्या झाडाची एक डहाळी तोडून पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर धाकटीनं आपली वही काढली. पेटी नंबर एकच्या यादीत तिनं 'दाखले' असं लिहिलं, आणि मला सही करायला लावली. मग आजींच्या पलंगावरच्या फळीवर ठेवलेलं जड पाटा-वरवंट्याचं खोकं थोरल्यानं आणि तिनं मिळून खाली उतरवलं. ते मीच तिथं ठेवलं होतं.

मुलांनो, आज एवढं करा. तुम्ही झोपता तिथं डोक्यावर जड काही ठेवलेलं नाही ना, ते बघा. घरातली बॅटरी अंधारात हाताला लागते का, तेही बघा. आणि वर्गात कुणी नवं मूल दुसऱ्या गावाहून आलं असेल, तर मधल्या सुट्टीत त्याला आपल्या डब्याशी बोलवा. आमच्या धाकटीला नव्या शाळेत पहिल्याच दिवशी असं बोलवणारी एक मुलगी भेटली. त्या दिवसापासून ती माळ्यावर जाऊन बसलेली नाही.