पाच सेकंद

थंडीत खोबरेलाची बाटली गोठते, तेव्हा आतलं जवळजवळ सगळं तेलच घट्ट झालेलं असतं. मेणचट कच्च्या तेलाची गोष्ट वेगळी. त्यातलं दोन-तीन टक्के मेण जरी स्फटिक होऊन बाहेर आलं, तरी पातळ चकत्यांसारखे ते स्फटिक एकमेकांत अडकून जाळं विणतात आणि उरलेलं पातळ तेल त्यात कोंडलं जातं. मुंबई हायचं तेल सुमारे ३० अंशांना असं थिजतं. ते उरणला येतं समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून, आणि तळाशी गारवा त्याहून जास्त. अशा तेलात प्रवाह सुधारणारं रसायन मिसळतात.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघांचं प्रोजेक्ट अशाच एका रसायनावर होतं : इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. स्पोर्ट्स शूजच्या तळव्यात असतं तेच. त्यातली इथिलीनची साखळी मेणासारखीच, म्हणून स्फटिकात सहज शिरते. ॲसिटेटचा भाग मात्र पुढचा थर नीट बसू देत नाही. मेण कमी होत नाही, फक्त जाळं विणलं जात नाही. दहा लाख भाग तेलाला काहीशे भाग पुरतात.

चाचणी सोपी. तेल गार करत न्यायचं, दर तीन अंशांनी नळी आडवी धरायची. पाच सेकंद तेल हललं नाही, की त्या तापमानात तीन मिळवायचे, तो प्रवाहबिंदू. आमचा आकडा रसायन घालून आणि न घालता सारखाच आला.

रिपोर्ट द्यायच्या आदल्या रात्री जोडीदार म्हणाला, "आपण रसायन चाळीस अंशांच्या तेलात घातलं. तेल पातळ दिसत होतं, पण स्फटिक आधीच झाले असणार. सत्तरपर्यंत तापवून, मेण पूर्ण विरघळल्यावर घालायला हवं होतं. उद्याचा दिवस मागून घेऊ."

बाइंडिंगवाल्याला पैसे देऊन झाले होते. मी म्हटलं, "आता राहू दे रे."

रिपोर्टात लिहिलं : 'रसायनाचा परिणाम आढळला नाही.' मार्क चांगले पडले. काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांतली एक प्रत डिपार्टमेंटच्या कपाटात गेली.

ते वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते जास्त सलतं. परिणाम खरोखरच आढळला नव्हता. तेल पुरेसं तापवलं नव्हतं, एवढंच लिहायचं आम्ही टाळलं.