जमाल येईपर्यंत थांबायचं

रॅपर नाझचा ‘इलमॅटिक’ 1994 साली आला. अवघा 40 मिनिटांचा अल्बम. पण त्याच्या नादाने मी इतकी जुनी रेकॉर्ड्स ऐकली, की घरच्यांना आता मी जॅझची भक्त वाटते. खरं तर मी रॅपसाठी गेले होते. शेवटच्या ‘इट एन्ट हार्ड टू टेल’मागे मायकल जॅक्सनचं ‘ह्यूमन नेचर’ वाजतंय, हे ‘थ्रिलर’ची कॅसेट झिजवलेल्या कुणालाही लगेच कळतं. मलाही कळलं, आणि मग बाकीच्या गाण्यांखाली कोण कोण दडलंय, याची उत्सुकता स्वस्थ बसू देईना.

‘द वर्ल्ड इज युवर्स’मधला पियानो निर्माता पीट रॉकने जॅझ पियानोवादक अहमद जमालच्या ‘आय लव्ह म्युझिक’मधून घेतलाय. नाव कळायला आता कष्ट पडत नाहीत. कष्ट आहेत ते ऐकण्यात. जमालचा 1970 चा ‘द अवेकनिंग’ मिळवला, ती रचना लावली आणि वाट बघत बसले. सात मिनिटांची रचना. जमाल बराच वेळ एकटाच वाजवतो. ठेका नाही, घाई नाही. गवई आलापात रागाची एकेक खोली उघडून दाखवतो, तसं चाललेलं असतं. मग जमील नासरचा बास आणि फ्रँक गँटचे ड्रम्स येतात. मी लहानपणी तबला शिकलेली, त्यामुळे लय सुरू झाल्यावर जरा सावरून बसले. तरी ओळखीचं काही नाही. पाचेक मिनिटं उलटून गेल्यावर ती सुरावट येते, आणि आली तशी पुढे निघूनही जाते. जमालच्या लेखी तिथे विशेष काही घडलेलंच नसतं.

पीट रॉकविषयीचा आदर तिथे दुणावला. त्याने सगळी रचना शांतपणे ऐकली असेल, किंवा सुई इकडेतिकडे टेकवत तो तिथे पोचला असेल. पण इथे थांबायचं, हाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, हे ठरवणारा कान त्याचा. रॅपला उचलेगिरी म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना मी ती सात मिनिटं ऐकवली आणि कामाचा तुकडा निवडायला सांगितलं. त्यांनी सुरुवातीचाच निवडला.

शिवाय हाताशी यंत्र केवढं? पीट रॉक वापरायचा ते ई-म्यू कंपनीचं एसपी-1200 हे सॅम्पलर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, 1987 चं. त्याची सगळी स्मृती मिळून 10 सेकंदांची. ड्रम्स, बास, पियानो, सगळं तेवढ्यात बसवायचं. म्हणून लोकांनी युक्ती काढली: 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर पळवून घ्यायची आणि मग यंत्रात वेग खाली आणायचा. जागा वाचते, वर आवाजाला एक खरखरीत जाडपणा येतो. त्या काळच्या हिप-हॉपचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे.

‘वन लव्ह’मध्ये एक किणकिण आहे, ती कशाची ते मला उमगत नव्हतं. क्यू-टिपने ती हीथ ब्रदर्सच्या ‘स्माइलिन बिली स्वीट’मधून घेतली होती. तिथे स्टॅन्ली काउएल एम्बिरा वाजवतो. लोखंडी पट्ट्या अंगठ्याने छेडायचं हे आफ्रिकी वाद्य. ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’मधला काळाकुट्ट पियानो ज्यो चेंबर्सचा, आणि चेंबर्स मुळात ड्रमवादक.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगत होते. तिने एकच विचारलं, “त्या मूळ माणसांना पैसे दिले का?”

प्रश्न चोख होता. ब्राँक्समध्ये 1973 साली पार्ट्या गाजवणारा डीजे कूल हर्क रेकॉर्डवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. पैशांपेक्षा आपला माल दुसऱ्या डीजेंना कळू नये, ही चिंता. अल्बम लाखांनी खपायला लागल्यावर वकील आले. डिसेंबर 1991 मध्ये गायक गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याच्या सॅम्पलवरून रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला. न्यायाधीशांनी सुरुवातच बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली. तिथून परवानगीशिवाय सॅम्पल म्हणजे जोखीम. आईला मी लताबाईंचंही सांगितलं: ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 2002 च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये त्यांचं ‘ज्योती’ चित्रपटातलं गाणं होतं आणि प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विकू नका, असं कोर्टाने बजावलं. “बरं झालं,” आई म्हणाली.

परवानगी महाग झाल्यावर तुकडे अधिकच बारीक होत गेले. याचा मासला नाझच्याच क्वीन्सब्रिज वसाहतीतला. मॉब डीपचं ‘शूक वन्स, पार्ट टू’ 1995 चं. त्यातली ती थंडगार सुरावट कुठली, हे शोधणाऱ्यांना 2011 पर्यंत सापडलं नाही. मग एका श्रोत्याने ओळखलं: हर्बी हॅनकॉक, ‘जेसिका’, 1969. मॉब डीपमधल्या हॅवकने पियानोचे मोजके सूर घेऊन त्यांचा वेग आणि पट्टी बदलली होती आणि क्रमही नवा लावला होता. मी संगणकावर हॅनकॉकचा पियानो तसा ओढूनताणून पाहिला. ओळख पटते, पण फार उशिरा, आणि पटल्यावरही विश्वास बसत नाही. ‘जेसिका’ हळवी आहे, धाक त्यात औषधालाही नाही. तो सगळा हॅवकचा.

नंतर ती अख्खी रेकॉर्ड ऐकली. ‘फॅट अल्बर्ट रोटुंडा’ असं तिचं नाव, एका कार्टून कार्यक्रमासाठी केलेल्या संगीतातून ती उभी राहिली. बहुतेक सगळं नाचरं फंक, कुणालाही सॅम्पलसाठी आयतं मिळेल असं. हॅवकने ते सगळं सोडून त्यातली संथ रचना घेतली.