नवख्याची वही

सदरला एका व्यापाऱ्याकडे आम्ही बरीच वर्षे हिशेब लिहिले. लाल खातेवह्या जाऊन टेबलावर संगणक आला तेव्हा, १९९५ च्या सुमारास, फॉक्सप्रो शिकलो. मोठी मायाळू भाषा. आज्ञेची पहिली चार अक्षरे लिहिली तरी पुढचे समजून घ्यायची. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये तिच्या शेवटच्या आवृत्तीचाही आधार काढून घेतला.

साठी ओलांडल्यावर भाचीने आम्हाला पायथन शिकायला बसवले. ती अंजुमनच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेली. पहिल्याच आठवड्यात आम्ही एक वही केली आणि वर लिहिले, 'तक्रारी'. भाची हसली. "मामू, आधी भाषा तर येऊ द्या. मग नावं ठेवा."

"येऊ लागली की नावे ठेवायचे सुचणार नाही," आम्ही म्हटले.

पहिली तक्रार शून्याची. यादीतले पहिले नाव हवे तर शून्य लिहायचे, दुसरे हवे तर एक. हा काय हिशेब झाला? भाची म्हणाली, "झिरो माइलच्या खांबाशी उभं राहून तुम्ही पहिला मैल संपला म्हणता का?" सदरहून तो खांब आणि त्याचे चार घोडे काही लांब नाहीत, आयुष्यभर तिथून ये-जा केली. नाव कितवे आहे ते नव्हे, सुरुवातीपासून किती अंतरावर आहे ते हा आकडा सांगतो. तक्रार खोडली.

दुसरी हिशेबनीसाच्या जिव्हारी लागणारी. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथन ०.३ देत नाही. पंधरा शून्यांनंतर शेवटी एक चार चिकटवतो. आम्ही दोन दिवस पायथनला शिव्या घातल्या. मग कळले, सी आणि जावाही तेच करतात. दहाच्या पद्धतीत एकतृतीयांश जसा पूर्ण लिहिता येत नाही, तसा यंत्राच्या दोनाच्या पद्धतीत एकदशांश लिहिता येत नाही. पैशांसाठी वेगळा दशांश प्रकार पायथनने ठेवलाच आहे. फॉक्सप्रो मोजक्याच घरांपर्यंत आकडा दाखवून आमच्यापासून हे लपवत होती, इतकेच. हीही खोडली.

असे खोडता खोडता शाळा आठवली. उर्दू शाळेतून पाचवीत मराठी शाळेत आलो तेव्हाही अशीच नावे ठेवली होती. दोन लिंगांत दुनिया चालते, हे 'ते घर' कशाला? आणि आमच्या एका 'हम'साठी इथे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द कशाला? घराची तक्रार वर्षभरात गेली. दुसरी मात्र वेगळ्याच वाटेने गेली. वर्गात कोणी "आपण मराठी माणसं" म्हटले की त्या 'आपण'मध्ये आपल्याला धरले आहे की नाही, हे आम्ही बोलणाऱ्याच्या नजरेवरून ओळखायला शिकलो. शेजारच्या बाकावरच्या मुलाला यात काही ओळखण्यासारखे आहे हेच ठाऊक नव्हते. त्याची ती घरची भाषा.

वहीतली शेवटची तक्रार आमच्या फजितीतून आली. मोहल्ल्यातल्या एका कमिटीसाठी गरजू मुलामुलींच्या फीच्या याद्या करायच्या होत्या. आम्ही हौसेने फंक्शन लिहिले: यादी दिली नाही तर रिकामी यादी घे आणि नावे भर. मुलींची यादी बरोबर निघाली. मग मुलांची काढली. बेरीज केली, कागद नेऊन दिला. तिथल्या बुजुर्ग खजिनदारांनी चष्मा वर केला आणि विचारले, "मियाँ, मुलांच्या यादीत मुली कशा?" मुलींची सगळी नावे दुसऱ्यांदा आली होती, रक्कमही तेवढीच फुगलेली. चाळीस वर्षांत आमच्या हिशेबाकडे कोणी असे पाहिले नव्हते. घरी येताना मंगळवारी बाजारातून भाजी घ्यायची होती, तीही राहिली.

भाचीने एका नजरेत सांगितले. ती रिकामी यादी फंक्शन लिहितानाच एकदा बनते. पाहुण्यासाठी ताट एकदाच मांडायचे; पहिला जेवून उठला की दुसऱ्यापुढे तेच, खरकट्यासकट. "हे असंच असतं मामू. सगळ्यांना माहीत आहे." पायथनच्या अधिकृत धड्यांतही यासाठी खास इशारा छापलेला आहे, तो तिने दाखवला.

आम्ही म्हटले, "खड्ड्यापाशी पाटी आहे म्हणजे खड्डा नाही असे होते का?" चूक आमची होतीच, न तपासता कागद दिला. पण 'रिकामी' असे लिहिलेले ताट रिकामे असावे, ही अपेक्षा काही फॉक्सप्रोची सवय नव्हे. भाची बराच वेळ कारणे देत राहिली. त्यातली काही पटली.

सहा महिन्यांनी वही चाळली. अकरापैकी आठ तक्रारी खोडलेल्या. ओळी आत सरकवण्याचीही गेली. आता तसे न लिहिलेले पाहिले की डोळ्यांना खुपते. ज्या गेल्या त्या बहुतेक आमच्या जुन्या भाषेच्या होत्या. उरलेल्या तिन्हींना फॉक्सप्रोचे नाव घेतल्याशिवाय मांडता येते. भाचीने त्या तीन वाचल्या. खरकट्या ताटावर थांबली.

"हा दोष आहे खरा आपल्या पायथनमध्ये," ती म्हणाली.

'आपल्या' म्हणाली. आम्ही पेन्सिल उचलली आणि याद्या पुन्हा करायला बसलो. खजिनदारांना शुक्रवारपर्यंत हव्या होत्या.